फरशीवरचा पांढरा चौकोन

फीमाफीचा अर्ज केलेल्या मुलीच्या घरात शिरल्यावर चार-पाच मिनिटांतच फेलिसाला तो चौकोन दिसला. स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामध्ये भिंत नव्हती, नुसता एक मणीमाळांचा पडदा होता आणि तोही उन्हाळ्यामुळे बाजूला बांधून ठेवलेला. पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे सगळी फरशी वापरून वापरून पिवळट झाली होती, तिथे हातभर लांबीरुंदीची जागा नवी कोरी, पांढरी होती. चार टोकांना गंजाचे चार गोल डाग. वर भिंतीवर एक रिकामा प्लग आणि त्याच्याभोवती तेलकट धुळीची किनार. फेलिसाने नजर वळवली, पण वळवायला तिला क्षणभर उशीर झाला आणि तेवढ्यात नेनिताने, म्हणजे मुलीच्या आईने, तिची नजर कुठे होती ते पाहिलं. सरबताचा पेला फेलिसाच्या हातात देऊन ती कोपऱ्यात गेली आणि प्लास्टिकचं एक स्टूल पायाने सरकवत सरकवत त्या पांढऱ्या जागेवर नेऊन ठेवलं. स्टुलाने जेमतेम मधला भाग झाकला. कडा तशाच उघड्या राहिल्या. फेलिसाने सरबताचा घोट घेतला. कालामान्सी लिंबं भरपूर पिळली होती, साखरही हात न आखडता घातलेली होती, पण सरबत कोमट होतं. बर्फ नव्हता. शाळेने दिलेला फॉर्म मांडीवर होता आणि त्याच्या तिसऱ्या पानावर, 'घरातील वस्तू' या मथळ्याखाली, फ्रीजच्या पुढे 'नाही' असं मुलीच्याच गोल गोल अक्षरात लिहिलेलं होतं.

"मिस, मी उठून स्वागत करणार होतो," मुलीचा बाप लाकडी आरामखुर्चीतून म्हणाला. त्याचं नाव आर्सेनिओ. कमरेला रुंद पट्टा आवळलेला, पाय समोरच्या खोक्यावर. "पण मला उठायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात तुमची भेट संपून जायची." सोळा वर्षं तो मालवाहू जहाजांवर होता. दोन वर्षांपूर्वी शिडीवरून पडला, मणका दुखावला, आणि त्यानंतर कुठल्याही एजन्सीने त्याला बोलावलं नव्हतं. हे सगळं फॉर्मवर होतं. घराकडे पाहून मात्र ते कळलं नसतं. खालचा मजला चांगल्या दिवसांत बांधलेला होता, खिडक्यांना नक्षीच्या जाळ्या होत्या, फक्त वरचा मजला राहून गेला होता आणि गच्चीवर सळया गंजत उभ्या होत्या. आरेव्हालो भागातल्या त्या गल्लीत अशी चार-पाच घरं होती, सगळी खलाशांची. मारिकार नावाची ती बारा वर्षांची मुलगी वह्या घेऊन आली. फेलिसाने ठरलेला प्रश्न विचारला, आमचीच शाळा का? मुलीने आईकडे पाहिलं नाही, हे फेलिसाला आवडलं. "तिथलं वाचनालय दुपारी बंद होत नाही म्हणतात," मुलगी म्हणाली. "आमच्या शाळेत ग्रंथपालच नाहीत. चावी शिपायाकडे असते आणि तो जेवायला घरी जातो." आर्सेनिओ हसला. "आणि त्याचं घर लांब आहे, मिस. तो परत येतो तेव्हा शाळा सुटलेली असते." नेनिता हसली नाही. ती स्टुलाकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात मागे, एखाद्या गोष्टीला पाठीने आड धरल्यासारखी. विचारावं, फेलिसाच्या मनात आलं. इथे काय होतं, एवढंच साधं विचारायचं. एकोणीस वर्षं ती या भेटी देत होती. याहून अवघड प्रश्न तिने विचारले होते, नवरा खरंच वारला का, ही मोटारसायकल कोणाची. पण तोंड उघडलं आणि त्यातून निघालं ते भलतंच. "सरबत छान झालंय," ती म्हणाली, आणि भेट संपली.

जीपनीत, त्या लांबट प्रवासी जीपमध्ये, तिला खिडकीजवळ जागा मिळाली. गुडघ्यांवर फॉर्मांची पिशवी घेऊन ती बसली आणि मोलोच्या चौकापर्यंत तिला रस्ता दिसला नाही. दिसत होतं ते शिलाईचं मशीन. काळं, पायाचं, सोनेरी वेलबुट्टी निम्मी पुसलेली. ते सत्तेचाळीस वर्षांपूर्वी शहराच्या ला पाझ भागात, नदीकाठी खांबांवर उभ्या त्यांच्या बांबूच्या घरात होतं, आणि घरात किंमत असलेली तेवढी एकच वस्तू होती. आई त्यावर चर्चच्या वेदीवरची वस्त्रं शिवायची, दुसऱ्यांच्या मुलींचे गणवेश शिवायची. शाळेच्या मदर एनग्रासिया फीमाफीसाठी घर पाहायला येणार असं कळलं त्या सकाळी आईने मशीनवरचं कापड काढून त्याची घडी केली, आणि म्हणाली, "इंदाय, पोरी, तू खण उचल. सांडू नकोस, बॉबिनं आहेत आत." मशीन आई आणि मामा यांनी उचललं. फेलिसा मागून खण घेऊन चालली. बॉबिनं आत खुळखुळत होती. तीन घरं सोडून रुफिनाचं घर होतं, तिथे ते नेऊन ठेवलं. रुफिनाची मुलगी पुरा, पुरिफिकासिओन, फेलिसाच्याच वर्गात होती, एकाच बाकावर. पुराने दार उघडून धरलं होतं, आणि मशीन आत येताना ती आनंदाने बाजूला उडी मारून उभी राहिली होती, जणू ते त्यांच्याचकडे कायमचं येत होतं. मदर एनग्रासिया आल्या, फेलिसाच्या घरात बसल्या, जमिनीच्या फटींतून खालची कोंबडी दिसते ते पाहिलं आणि डोळे पुसले. मग त्या चालत पुढे गेल्या, कारण त्याच दिवशी त्यांना गल्लीतलं आणखी एक घर पाहायचं होतं. रुफिनाचं. तिथे भिंतीला टेकून एक शिलाईचं मशीन उभं होतं. चांगल्या स्थितीतलं.

फेलिसाला फीमाफी मिळाली. पुराला नाही. पुरा त्या वर्षी सरकारी शाळेत गेली आणि दोन वर्षांनी तीही सुटली. मग ती कोणाच्या तरी घरी मनिलाला कामाला गेली, नंतर कुवेतला, आणि नंतर फेलिसाने विचारणं सोडून दिलं. रुफिना मदरना का बोलली नाही की हे आमचं नाही? शेजारणीला उघडं पाडायचं नाही म्हणून असेल. की मदरनी विचारलंच नसेल, नुसतं पाहून वहीत लिहिलं असेल. आई या विषयावर कधी बोलली नाही. एकदाच, फेलिसा शिक्षिका झाल्यावर, भाताच्या ताटावर बसलेली असताना आई म्हणाली होती, "रुफिनाकडे लाकडी जमीन होती. दुसऱ्या कुणाकडे ते वजन झेपलं नसतं." कोणी विचारलेलं नसताना. फेलिसाने तेव्हा माशाचा काटा काढण्यात लक्ष घातलं होतं. कारण तिला जे माहीत होतं ते आईला माहीत होतं हेही तिला माहीत होतं. आदल्या संध्याकाळी नदीवर भांडी घासताना तिनेच आईला सांगितलं होतं की पुरानेपण फॉर्म भरलाय, तिचे मार्क माझ्यापेक्षा दोनने जास्त आहेत. आई नुसती राख घेऊन कढई घासत राहिली होती, कढई स्वच्छ झाल्यावरसुद्धा.

यंदा जागा एकच होती. सातवीच्या वर्गासाठी, निम्मी फी शाळा भरणार, निम्मी घरच्यांनी भरायची. शेवटच्या यादीत दोन मुली उरल्या होत्या, मारिकार आणि गिल्डा. गिल्डाची आई बेनिल्दा मोलोला लोकांचे कपडे धुवायची, बाप नव्हता. तिच्या घरी फेलिसा आदल्या आठवड्यात गेली होती. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतंच, फक्त दोरीवर दुसऱ्यांचे शर्ट, इतके की खोलीत वाकून शिरावं लागलं. गिल्डा हुशार होती, मारिकारपेक्षा थोडी कमी. दोघींपैकी कोण जास्त लायक, असं कोणी विचारलं असतं तर फेलिसाने खरोखरच सांगितलं असतं की मला माहीत नाही. लायक हा शब्द तिला आताशा तोंडात धरवत नसे. समितीच्या बैठकीत तो पहिल्या पाच मिनिटांत सात वेळा वापरला गेला. मुख्याध्यापिका सिस्टर ब्रिहिदा टेबलाच्या टोकाला बसल्या होत्या, थकलेल्या, डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवून. हिशेब पाहणारे मिस्टर होलगादो कागद हातात धरून म्हणाले, "हे आरेव्हालोचं घर फोटोत तर चांगलं दिसतंय. फरशी काय, जाळ्या काय. मला स्वतःच्या घरी अशा जाळ्या नाहीत."

"जुनी कमाई आहे ती," फेलिसा म्हणाली. "आता तिथे काही येत नाही. माणूस खुर्चीतून उठत नाही."

"फॉर्मवर फ्रीज नाही लिहिलंय. खलाशाच्या घरात सोळा वर्षांत फ्रीज आला नाही?" होलगादो वाईट मनाचे नव्हते. दरवर्षी ते असेच प्रश्न विचारायचे, कारण दरवर्षी कोणीतरी काहीतरी लपवलेलं असायचं. एका वर्षी एक आख्खी जीपनी लपवली होती, मेहुण्याच्या नावावर. "तुम्ही स्वतः जाऊन आलात, मिस फेलिसा. काही लपवलंय असं वाटलं?"

पंखा फिरत होता. कागद उडू नयेत म्हणून सिस्टरनी त्यांच्यावर जपमाळ ठेवली होती. फेलिसा घरून ठरवून आली होती की बोलायचं नाही. एका आईने मुलीसाठी एक वस्तू शेजारी नेऊन ठेवली, यात कोणाचं काय गेलं, असं ती दोन दिवस स्वतःला सांगत होती. पण आता, प्रश्न समोर येऊन बसल्यावर, तिला दिसला दोरीवरच्या शर्टांखालून वाकून बाहेर आलेला गिल्डाचा चेहरा, आणि त्या चेहऱ्यावर पुराचे डोळे होते, दार उघडून धरणारे. आपण गप्प राहिलो तर पुन्हा तेच, तिला वाटलं. ज्यांनी काही लपवलं नाही त्यांचंच पुन्हा जाणार. सत्तेचाळीस वर्षं आपण गप्प आहोत, त्यावर आपण शिकलो, जेवलो, पगार घेतला. एकदा, एकदा तरी तोंड उघडावं. हे सगळं एवढ्या लवकर तिच्यातून गेलं की बोलायला लागल्यावर तिलाच तिचा आवाज दुसऱ्या कोणाचा वाटला. "स्वयंपाकघरात फरशीवर एक खूण होती," ती म्हणाली. "फ्रीजएवढी. ताजी." आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, "मुलीच्या आईने ती स्टुलाने झाकली." होलगादोंनी मान हलवली, फार आनंदाने नव्हे. सिस्टर ब्रिहिदांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. नियम साधा होता. खोटी माहिती, अर्ज रद्द. घरी जाताना फेलिसाला हलकं वाटायला हवं होतं. मोलोच्या चर्चसमोर उतरून ती आत जाऊन बसली, कितीतरी वेळ, आणि हलकं वाटण्याची वाट पाहत राहिली.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आर्सेनिओ शाळेत आला. जिने चढता येत नाहीत म्हणून पहारेकऱ्याने फेलिसालाच खाली बोलावलं. तो आवारातल्या चिंचेखालच्या बाकावर बसला होता, पट्टा शर्टावरून बांधलेला, केस पाण्याने बसवलेले. मुलीचे मूळ दाखले परत हवे होते, सरकारी शाळेत नाव घालायचं होतं. फेलिसाने लिफाफा दिला. त्याने कागद एकेक करून मोजले, जहाजावरच्या माणसाच्या शिस्तीने. "वाईट वाटून घेऊ नका, मिस," तोच म्हणाला. "तुम्ही एकट्या थोड्याच ठरवता. मारिकार दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. बायकोचंच कठीण झालंय. ती म्हणते माझ्यामुळे गेलं."

"त्यांच्यामुळे का?"

"तो फ्रीज." तो ओशाळून हसला. "निम्मी फी आपली आपण भरायची ना. तुमच्या पत्रात होतं, घरच्यांनी आपला वाटा भरू शकतो हे दाखवावं. आता मी काय दाखवणार, पट्टा? तर तिने फ्रीज विकला. तुम्ही यायच्या तीनच दिवस आधी. माझ्या पहिल्या जहाजाच्या पगारातून घेतलेला होता, तिला फार लाज वाटली त्याची, विकायची. गल्लीत कोणाला कळू नये म्हणून पहाटे नेला. तुम्ही आलात तेव्हा ती खूणसुद्धा ती झाकायला बघत होती, मी पाहिलं. आता म्हणते, रिकामं घर पाहून मिसना वाटलं असेल हे लोक निम्मी फी तरी कुठून भरणार. म्हणून दुसऱ्या कोणाला दिली." तो लिफाफा छातीशी धरून उठायला लागला आणि उठायला त्याला खरंच वेळ लागला. फेलिसाने त्याचा दंड धरला. त्याच्या दंडात अजून ताकद होती, आणि घामाचा, औषधी तेलाचा वास येत होता. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण त्याला उठवण्याच्या खटपटीत ते राहून गेलं, किंवा तिने राहू दिलं.

त्याच दुपारी ती सिस्टर ब्रिहिदांकडे गेली आणि सगळं सांगितलं. फ्रीजचं. तेवढंच, मशीनचं नाही. मशीनचं सांगायला ती निघाली होती, जिन्यात शब्दही जुळवले होते, पण सिस्टरांच्या समोर बसल्यावर तिला ते क्षमेची भीक मागितल्यासारखं वाटलं. सिस्टरनी ऐकून घेतलं. त्या रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तू विचारलं का नाहीस त्यांना?" एवढंच त्या म्हणाल्या. फेलिसाकडे उत्तर होतं, आणि ते उत्तर असं होतं की विचारायची गरजच वाटली नाही, कारण अशा खुणा कशाने पडतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती म्हणाली, "चुकलं."

"काल गिल्डाची आई आली होती," सिस्टर म्हणाल्या. "भाताचे इबोस घेऊन आली, पानात गुंडाळलेले, अजून गरम. पहाटे उठून केले असणार. गणवेशाचं कापड तिने उधारीवर घेतलंय, शिवायलाही टाकलं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "जागा एकच आहे, फेलिसा. दुसरी मी कुठून आणू? तूच सांग, कोणाचं नाव खोडू. तू म्हणशील ते खोडते." पेन त्यांनी खरोखरच टेबलावरून तिच्याकडे सरकवलं. हा टोमणा नव्हता. त्यांनाही कळत नव्हतं. फेलिसा पेनाकडे पाहत राहिली. बाहेर कोणीतरी मैदान झाडत होतं, खराट्याचा आवाज जवळ येत होता, लांब जात होता. तिने पेनाला हात लावला नाही. बऱ्याच वेळाने सिस्टरनी पेन परत घेतलं, आणि असं ते ठरलं.

रविवारी ती आरेव्हालोला गेली. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. बोलून टाकायचं, असं मनात होतं. माझ्यामुळे झालं, मी समितीत असं असं म्हटलं, तुमचा काही दोष नाही. एवढी तीन वाक्यं. सोबत बिस्किटांचा डबा घेतला होता आणि दारात उभं राहिल्यावर तो तिला फार मोठा वाटायला लागला. नेनिताने दार उघडलं, कपाळावरचा घाम मनगटाने पुसला आणि म्हणाली, "या ना, मिस. उन्हात का उभ्या आहात?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आर्सेनिओ खुर्चीत झोपला होता, तोंड किंचित उघडं. मारिकार घरी नव्हती, मावशीकडे गेली होती म्हणे, किंवा मिसना पाहून मागच्या दाराने गेली असेल. नेनिताने कॉफी केली. स्टूल आता त्या कोपऱ्यात नव्हतं, तिथे एक पाण्याचा माठ ठेवला होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. ती फेलिसासमोर बसली, हात मांडीत.

"मिस, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"आम्ही फ्रीज विकला नसता तर मिळालं असतं का हो?" तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "मला रोज तेच येतं डोक्यात. भांडी घासताना, कपडे वाळत घालताना. वाटतं, असता इथे, तुम्ही पाहिला असता, म्हणाल्या असतात, बरं चाललंय यांचं, भरतील निम्मी. मीच घाई केली. ह्यांना न विचारता केली. पोरीचं मीच घालवलं असं होतं मला."

फेलिसाने कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला. फ्रीज असता तर होलगादो म्हणाले असते, यांच्याकडे फ्रीज आहे, जाळ्या आहेत, यांना मदत कशाला. बहुतेक म्हणाले असते. किंवा नसतेही म्हणाले. त्या दिवशी, त्या टेबलाशी, काय झालं असतं हे कोणालाच सांगता आलं नसतं. सांगता येण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती काय हे तिला माहीत होतं. ती घेऊनच ती इतक्या लांब आली होती. ती तीन वाक्यं तिच्या जिभेवर होती, मोजून तीन. नेनिता तिच्या तोंडाकडे पाहत होती.

"नाही," फेलिसा म्हणाली. "नसतं मिळालं. फ्रीज असता तर त्यांनी म्हटलं असतं, यांना गरज नाही."

"खरंच?"

"खरंच. काही फरक पडला नसता."

नेनिताने डोळे मिटले. तिचे खांदे खाली आले, इतके की फेलिसाला तोपर्यंत कळलंच नव्हतं की ते वर होते. मग ती उठली, खुर्चीजवळ गेली आणि लाडाच्या नावाने हाक मारत नवऱ्याला हाताला धरून हलवलं. "लांग्गा, उठ ना. मिस आल्यात. ऐक काय म्हणतात. विकला नसता तरी नसतं मिळालं." तो डोळे चोळत उठू लागला, काय, काय म्हणतात, असं विचारत, आणि नेनिता त्याला पुन्हा सांगू लागली, हसत, डोळे पुसत, आपली चूक नव्हती म्हणून. आर्सेनिओने फेलिसाकडे पाहून मान डोलावली. "बरं झालं आलात, मिस," तो म्हणाला. "फार उपकार झाले." नेनिताने बिस्किटांचा डबा उघडला आणि सगळ्यात आधी तिच्यापुढे धरला. फेलिसाने एक बिस्कीट घेतलं. ते दोघं तिच्याकडे पाहत होते. ती खाऊ लागली.